फुंकरचं तोंड

१० नोव्हेंबर २०१३, रविवार

सत्तरी ओलांडल्यावर माणसाला दुष्टपणाची नोकरी लागते, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण आज लागली!

सकाळी रिया आली, आमच्या लेकीची लेक. खारघरच्या कॉलेजात सिनेमे करायला शिकते. सोबत कुंदन नावाचा तिचा वर्गमित्र. केसांची शेंडी, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. अर्ध्या तासाचा सिनेमा करून स्पर्धेला पाठवायचा आहे त्यांना. सुपरहीरोचा, पण काळोखा. रियाचा शब्द, "डार्क, आजोबा, डार्क." हीरोचं नाव काजवा. दिवसा उलव्याला डंपर चालवतो, रात्री अंगातून उजेड सांडत फिरतो. आणि खलनायक फुंकर. बंदूक नाही, चाकू नाही. जिथे जातो तिथला दिवा फुंकरीने मालवतो. असं करत सगळं शहर मालवून टाकतो.

"त्याला तुमच्यासारखा म्हातारा पाहिजे, आजोबा," कुंदन म्हणाला.

आमची कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली, "सारखा कशाला, हेच न्या की. नाहीतरी दिवसभर आमच्या मागे दिवे मालवत फिरत असतात. लाइटबिल, लाइटबिल!"

मी वरकरणी आढेवेढे घेतले, पण आत ढोल वाजायला लागला होता. बेलपाड्याच्या जत्रेच्या नाटकात तरुणपणी दर साली खलनायक मीच. काय गर्जायचो! बायका बोटं मोडायच्या, पोरं आयांच्या पदराआड लपायची. एकच गोष्ट मला जाचायची. पडदा पडला की टाळ्या घ्यायच्या ऐन वेळी गावातली सगळ्यांत जुनी म्हातारी गंगाबाई तांब्या घेऊन रंगमंचावर चढायची, पोरांना पुढे बोलवायची आणि सगळ्यांदेखत माझं तोंड धुवायची. "बगा रं पोरांनो, ह्यो आपला बुध्या हाय!" मग पोरं येऊन माझे ओले गाल चाचपणार. सोंग उतरल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, ही रीतच. एवढा रंगवलेला दुष्ट असा नाल्यात वाहून जायचा. पुढे खारघर वाढलं, बेलपाडा त्याच्या पोटात गेला, नाटकं थांबली. मी पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर झालो आणि माझा आवाज "पळस्पे, पेणमार्गे अलिबागला जाणारी गाडी" एवढ्यावर आला.

आता पुन्हा. 

१६ नोव्हेंबर

रिया मला मॉलमध्ये इंग्रजी सिनेमा दाखवायला घेऊन गेली. "अभ्यास म्हणून बघा." तसाच काळोखा, तसाच मुखवट्यातला हीरो. संवाद मला चौथाईसुद्धा कळले नाहीत. पण खलनायक! अहाहा! काय माणूस तो! सगळी माणसं धावतायत, इमारती कोसळतायत आणि हा खुर्चीत बसून संत्रं सोलतोय. साल न तुटता अखंड निघावी म्हणून जीव लावून सोलतोय. एकदासुद्धा ओरडला नाही. शेवटी एक फोड समोरच्या बांधलेल्या माणसाच्या तोंडाशी धरतो आणि आईने भरवावं तसं भरवतो. माझ्या पाठीवर सर्रकन काटा आला.

बाहेर येईपर्यंत रिया हीरोच्या उड्यांबद्दल बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. आम्ही जन्मभर चुकीचा दुष्ट केला की! ओरडणाऱ्याला माणूस ओळखतो, अंतर ठेवतो. हळू बोलणाऱ्याच्या मात्र तो जवळ जातो.

घरी येऊन संत्रं सोलून पाहिलं. साल तीनदा तुटली. कुमुद म्हणाली, "खायचंय की शाळेत हस्तकलेला द्यायचंय?"

१९ नोव्हेंबर

फुंकर सापडला! आणि कुठे सापडला, तर आमच्याच पलंगावर.

दुपारी मी जिजाला झोपवत होतो. अंकुशची, म्हणजे माझ्या मुलाची ही धाकटी. बालवाडीत जाते, पण माझ्या कवितेशिवाय डोळा मिटत नाही. तिसरीच्या पुस्तकातली कविता. शाळेतलं बाकी सगळं विसरलो, पण त्या पुस्तकाचा वास आणि त्या कविता राहिल्या. गुरुजी चालीवर म्हणायचे आणि आम्ही जांभ्याच्या पायरीवर बसून माना डोलवायचो:

लहान माझी पणती बाई,
अंधाराला भीत नाही;
वारा आला, हलली थोडी,
विझायची तिज रीत नाही.

जिजाच्या कानाशी मी अगदी हळू म्हणतो, पाठीवर थोपटत. दुसऱ्या फेरीला ती झोपते. आज तशीच झोपली आणि वर पाहतो तर दारात कुंदन, डोळे मोठे करून उभा.

"आजोबा, हेच. हाच आवाज. हीच कविता. काहीही बदलू नका."

"अरे, ही लहान मुलांची कविता!"

"म्हणूनच!"

रात्री अंथरुणात मला लख्ख कळलं. फुंकर दिव्यापाशी बसणार, त्याला बाळासारखा थोपटणार, कविता म्हणणार. शेवटची ओळ म्हणताना "रीत..." वर थांबणार. मान तिरकी करून विचारणार, "नाही?" आणि मग फूऽऽ.

कुमुदने विचारलं, "एकटेच का हसताय?" काय सांगू?

२४ नोव्हेंबर, रविवार

उलव्याला अर्धवट बांधलेल्या इमारतीत चित्रीकरण. खिडक्यांना काळी कापडं. जिकडे पाहावं तिकडे क्रेन आणि खडीचे ढीग. रियाने तोंडाला सफेदा फासला, डोळ्यांभोवती काजळी, अंगात माझाच जुना काळा कोट, लग्नातला. आरशात पाहिलं तर मी नव्हतोच.

आर्यन नावाचा दांडगा मुलगा काजवा झालाय. त्याला एकच वाक्य होतं, "फुंकर, आता संपलं तुझं!" मी पणतीपाशी बसून कविता सुरू केली, "नाही?" म्हणून त्याच्याकडे वर पाहिलं, तर हा गप्प.

कुंदन ओरडला, "आर्यन, डायलॉग!"

"सॉरी सर. आजोबा असं बघतात ना... वाक्यच गेलं."

इमारतीचा वॉचमन जिन्यात बसून बघत होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला पाणी मागायला गेलो तर हातातला डबा टाकून खाली पळाला! आम्ही पोट धरून हसलो. रियाने मिठी मारली. "आजोबा, तुम्ही भयंकर आहात!" एवढी गोड शाबासकी मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

२५ नोव्हेंबर

घसा बसला. मीठ-पाण्याच्या गुळण्या. आनंद मात्र बसेना.

१५ डिसेंबर, रविवार

काय दिवस! क्रमाने लिहितो, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

संध्याकाळी रियाच्या कॉलेजच्या हॉलमध्ये पहिला खेळ. आमच्या घरचे सगळे पुढच्या रांगेत: कुमुद, अंकुश, सूनबाई प्रमिला, तिच्या मांडीवर जिजा. माझी थोरली बहीण ठमाबाई तेवढी नव्हती, नातीच्या बाळंतपणाला उरणला गेली आहे. कुंदनने एक युक्ती काढली होती. मी घरच्यांबरोबर बसायचं नाही, पूर्ण रंगरंगोटी करून मागे लपायचं. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर फुंकर शेवटचा दिवा मालवतो, हॉलचे दिवेही बंदच राहतात आणि तेवढ्यात खरा फुंकर हातात पणती घेऊन मधल्या वाटेने येतो.

मी आलो. कविता म्हणत, अगदी हळू. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पहिल्या रांगेशी पोचलो, थांबलो, मान तिरकी केली. "नाही?" फूऽऽ.

अशी किंकाळी फुटली! मुली, मुलं, प्राध्यापक, सगळे! मग दिवे लागले आणि टाळ्या, टाळ्या, टाळ्या. पोरं माझ्याबरोबर फोटो काढायला धावली. मी तोंड धुवायला निघालो तर रिया म्हणाली, "थांबा ना आजोबा, फोटो व्हायचेत." जत्रेच्या नाटकात नेमक्या याच वेळी तोंडावर पाणी यायचं, आज कुणी तांब्या घेऊन आलं नाही! पोटभर टाळ्या घेतल्या.

प्रमिला जिजाला घेऊन आधीच बाहेर गेली होती. पोर रडत होती म्हणे, झोपेला आली असेल. मी उशिरा घरी आलो, न्हाणीघरात साबणाने तोंड धुतलं. काजळी डोळ्यांत गेली. तरी हसत होतो.

१७ डिसेंबर

कौतुकाचे फोन अजून चालू. ५ जानेवारीला पनवेलच्या मोठ्या नाट्यगृहात स्पर्धेचा खेळ आहे, तिथे वर्तमानपत्रांचे लोक येणार. कुंदन म्हणतो, फुंकरचा फोटो छापून आणतोच. फ्रेमसाठी भिंतीवरची जागासुद्धा मी हेरून ठेवली, कॅलेंडरच्या शेजारी.

जिजा हल्ली आईजवळ झोपते. मोठी होतेय.

२० डिसेंबर

एक गंमत नोंदवून ठेवतो. पोरीला देवाची ओढ लागली आहे! संध्याकाळी कुमुदने देवापाशी दिवा लावला की जिजा त्याच्यासमोर मांडी घालून बसते, हलतच नाही. दोन्ही हात दिव्याच्या बाजूंनी धरते. मी खोलीत आलो तर आणखी सरकून दिवा पाठीआड घेते. एवढीशी पोर आणि केवढी भक्ती! कुमुदला म्हटलं, आपल्या घराण्यात कुणीतरी संत निपजणार. ती माझ्याकडे बघत राहिली.

२३ डिसेंबर

आज वाईट झालं. जिजा अंगणात पडली, गुडघा फुटला. मी धावलो, उचलून ओट्यावर बसवली. लहानपणापासून तिला काही लागलं की मी फुंकर घालतो, मग ती लगेच हसते. आज वाकलो, ओठांचा चंबू केला, आणि पोरीने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या कमळाबाई बाहेर आल्या. लाथा झाडत माझ्या हातातून निसटली आणि लंगडत पळाली.

जखम झोंबली असणार. माती गेली होती आत. प्रमिलाला म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, "बाबा, जखम एवढीशीच आहे." आणि पोरीच्या मागे आत गेली.

जेवण गेलं नाही.

२४ डिसेंबर

मी वर्तमानपत्र वाचत असताना जिजा दाराआडून म्हणाली, "आमचे आजोबा कधी येणार?"

तिला तिच्या आईच्या माहेरचे, उरणचे आजोबा हवे असतील. म्हटलं, "येतील हं, संक्रांतीला." तिने मान हलवली आणि गेली. "आमचे" म्हणाली. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला लिहू? त्यांनी असं काय केलंय तिच्यासाठी? एक कविता तरी येते का त्यांना?

२६ डिसेंबर

ठमाबाई उरणहून आली. सोबत सुकट, बोंबील, आणि जीभ. आल्या आल्या चुलत्यापासून चुलीपर्यंत सगळ्यांची चौकशी झाली. मी सिनेमाची सगळी हकिकत रंगवून सांगितली, मधल्या वाटेने कसा आलो ते चालून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून ऐकत होती. जिजा तिच्या कुशीत शिरून बसलेली, माझ्याकडे पाठ करून.

मी संपवलं. वाटलं, आता बहीण दृष्ट काढेल. ती म्हणाली,

"आरं बुध्या, मंग तुजा तोंड कुनी धुतला?"

"मीच. घरी येऊन, साबणाने."

"दार लावून?"

"मग? न्हाणीघराचं दार उघडं ठेवू?"

"आनि ह्या पोरीनं कवा बगितला?"

मी हसणार होतो. हसू आलं नाही.

ठमाबाईने जिजाच्या केसांवरून हात फिरवला. "काय गो बाय, ह्यो कोन हाय?"

जिजाने मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं. "फुंकर. तो आमच्या आजोबांच्या घरात राहतो. त्यांचा चष्मा पण घालतो."

कुमुद दारात उभी होती. तिला ठाऊक होतं, प्रमिलालाही. एवढे दिवस मला सांगायचा धीर कुणाला झाला नाही, कारण मी एवढा खुशीत होतो.

"गंगाबाय काय येडी व्हती?" ठमाबाई म्हणाली. "आनि तवा तू बोंबलायचास. पोरांना कलायचा, ह्यो नाटकाचा आवाज हाय. आता तू तिच्या झोपंचाच आवाज नेलास. पोरीनं वलखायचा कसा?"

मी उठून ओट्यावर जाऊन बसलो. त्या इंग्रजी सिनेमातला माणूस सारखा आठवत होता. संत्र्याची फोड भरवणारा. केवढा टाळ्या घेण्याजोगा वाटला होता मला!

२९ डिसेंबर

मला वाटलं, घरीच रंग लावू आणि घरीच तिच्यासमोर धुवू. ठमाबाईने मोडून काढलं. "सोंग जिथं चढला तिथंच उतरवायचा, मान्सांम्होरं. मीच आनतं पोरीला." म्हणजे ५ जानेवारीला, नाट्यगृहात.

कुंदनला सांगितलं तर त्याने शेंडीच ओढली. "आजोबा, शेवटी पाणी ओतलं तर भीती सगळी वाहून जाईल!"

"वाहूनच जायला पाहिजे, बाळा."

"पेपरवाले येणारेत. फुंकरचा फोटो हवाय त्यांना, ओल्या आजोबांचा नाही."

भिंतीवरची ती जागा माझ्या डोळ्यांसमोर आलीच. आली, नाकबूल कशाला करू? रिया मधे पडली. "कुंदन, सिनेमा तुझा. सिनेमा संपल्यावरचे आजोबा आमचे." मग त्याने शेंडी सोडली.

५ जानेवारी २०१४, रविवार

हात अजून ओलेच वाटतायत.

नाट्यगृह गच्च भरलेलं. जिजाला यायचंच नव्हतं. ठमाबाईने तिला गावचा जुना तांब्या दिला, खुद्द गंगाबाईचा, पोचे पडलेला. म्हणाली, "त्या फुंकरला आज पान्यात घालू. येतेस का?" यावर ती आली. दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरून पूर्ण सिनेमाभर बसून राहिली म्हणे.

मी पणती घेऊन मधल्या वाटेने आलो. तोच आवाज, तीच कविता. लोक श्वास रोखून बसलेले. "विझायची तिज रीत..." म्हणून पहिल्या रांगेशी थांबलो. जिजा समोर होती, ठमाबाईला चिकटून उभी. तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं.

पुढे फुंकर मारायची होती. मी मारली नाही. पणती खाली ठेवली आणि तिच्यासमोर गुडघे टेकले. डोळे मिटले.

काहीच झालं नाही. अंधार, आणि मागे कुणीतरी खोकलं. मला वाटलं, गेलं. पोर ओतणार नाही, ती मला आता कायमची अशीच ओळखणार. गुडघे दुखत होते.

"वत गो बाय," ठमाबाईचा आवाज.

आधी कपाळावर एक धार आली, अगदी बारीक. थांबली. मग एका गालावर. सफेदा ओघळून गळ्यात उतरला. मग एक बोट आलं, छोटं, गार. त्याने गालावरचा रंग पुसला आणि खालची सुरकुती चाचपली. मग नाक. मग कानामागचा चामखीळ, जो ती झोपताना नेहमी धरते. आणि मग उरलेला सगळा तांब्या डोक्यावर पालथा!

"आजोबा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की माइकची गरज नव्हती. "कुठे गेला होतात?"

"नाटकाला गेलो होतो गं."

ठमाबाई लोकांकडे वळली आणि गंगाबाईच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या सुरात गरजली, "बगा रं पोरांनो, ह्यो आपला बुध्या हाय!" दिवे लागले. टाळ्या किती पडल्या ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या दोन्ही कानांवर जिजाचे हात होते. मागच्या रांगांमधली दोन-चार पोरंही उतरून आली, माझे गाल चाचपून बघायला.

जमिनीवरची पणती अजून जळत होती. कुंदनने ती उचलली. डोळे पुसत होता बहुतेक. विचारलं तर म्हणाला, काजळी गेली.

७ जानेवारी

पेपरात फोटो आला. फुंकर नव्हे, एक भिजलेला म्हातारा. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा स्वतःचा, आणि गळ्यात एक पोर तांब्यासकट. स्पर्धेत दुसरा नंबर. कुमुदने फोटो कापून कॅलेंडरच्या शेजारी लावला, मी हेरलेल्या जागी नेमका. तिला कसं कळलं कोण जाणे.

जिजा काल रात्री माझ्याजवळ झोपायला आली. उशाशी पाण्याने भरलेला तांब्या. कविता पूर्ण झाली, "रीत नाही" पर्यंत, न थांबता. मला वाटलं झोपली. तर डोळे उघडून म्हणाली, "आता फुंकर करा."

"नको गं."

"करा ना! मी आहे ना!"

मी मान तिरकी केली, आवाज खाली आणला. "नाही?" एवढंच म्हणालो, आणि भस्सकन सगळा तांब्या माझ्या तोंडावर. मी, उशी, गादी, सगळं चिंब. ती पलंगावर उड्या मारत होती: "ह्यो आपला बुध्या हाय! ह्यो आपला बुध्या हाय!"

कुमुदने दिवा लावला आणि दोघांनाही शिव्या घातल्या. आज सकाळी गादी गच्चीवर नेऊन टाकली आहे. जिजाने तांब्या पुन्हा भरून उशाशी ठेवला आहे. आजची कविता चटईवर.